दूरच्या संगणकाचे दार आणि त्याच्या किल्ल्या

दिनांक २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत चार्ली क्लाइन हा विद्यार्थी संगणकापुढे बसला होता. तेथून सुमारे साडेपाचशे किलोमीटर अंतरावर, स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील दुसऱ्या संगणकापाशी बिल डुव्हॉल होते. दोघांचे दूरध्वनीवर बोलणे चालू होते. क्लाइनला आपल्या जागेवरून न उठता त्या दूरच्या संगणकात प्रवेश मिळवावयाचा होता आणि त्यासाठी 'लॉगिन' हा इंग्रजी शब्द टंकावयाचा होता. पहिले अक्षर 'एल' पोहोचले, दुसरे 'ओ' पोहोचले आणि तिसऱ्या अक्षराच्या वेळी पलीकडची यंत्रणा कोलमडली. सुमारे तासाभराने प्रयत्न पुन्हा झाला आणि या वेळी प्रवेश मिळाला.

इंटरनेटचे पूर्वज असलेल्या अर्पानेट या जाळ्यावरून गेलेला हा पहिला संदेश होय. तो शुभेच्छांचा नव्हता, की शास्त्रीय माहितीचाही नव्हता. दार उघडण्याची ती विनंती होती. एका ठिकाणी बसून दुसऱ्या ठिकाणच्या संगणकावर काम करणे, ही गरज संगणकांच्या जाळ्याइतकीच जुनी आहे. आज ती पूर्वीपेक्षा कितीतरी पटींनी वाढली आहे, कारण कचेऱ्यांची दप्तरे ज्या सर्व्हरमध्ये साठविली जातात, तो सर्व्हर त्या कचेरीत क्वचितच असतो. तो दूरच्या एखाद्या माहिती केंद्राच्या थंड, कुलूपबंद दालनात असतो. त्याला ना पडदा असतो, ना कळफलक. त्याची देखभाल करणारा तंत्रज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी असतो, किंवा दुसऱ्याच शहरात. दोघांना जोडणारी वाट म्हणजे दूरस्थ प्रवेशसेवा. ती उभारणे हे वरकरणी तंत्रज्ञांचे काम दिसते. प्रत्यक्षात त्यातील निम्मे काम कार्यालयीन शिस्तीचे आहे आणि त्या निम्म्या कामाचा भार अधिकाऱ्यांवर, मुख्याध्यापकांवर आणि पंचायतीच्या पदाधिकाऱ्यांवर येतो.

उघड्या पत्रावरील परवलीचा शब्द

प्रारंभीची अनेक वर्षे दूरस्थ प्रवेशासाठी 'टेलनेट' ही पद्धत रूढ होती. तिचे जे प्रमाणपत्रक पुढे दीर्घकाळ आधारभूत मानले गेले, ते १९८३ साली प्रसिद्ध झाले. तिच्यात काम होत असे, पण आडपडदा कसलाच नव्हता. वापरणाऱ्याचे नाव, त्याचा परवलीचा शब्द आणि त्याने टंकलेले प्रत्येक अक्षर जसेच्या तसे तारेवरून जाई. पोस्टकार्डावर तिजोरीची खूण लिहून ते टपालपेटीत टाकावे, असाच हा प्रकार. जोपर्यंत जाळे थोड्या विद्यापीठांपुरते होते आणि बहुतेक लोक परस्परांना ओळखत होते, तोपर्यंत हे चालून गेले.

१९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात एक चोरटी आज्ञावली सापडली. कोणाचेही काहीही न बिघडवता ती तारेवरून जाणारी नावे आणि परवलीचे शब्द टिपून ठेवीत होती. सापडली तेव्हा तिच्या साठ्यात अशा हजारो जोड्या जमल्या होत्या. तातू यूलोनेन हे तेथील संशोधक. परवलीचे शब्द वरचेवर बदला, अशी परिपत्रके काढून हा प्रश्न सुटणार नाही, हे त्यांनी ओळखले. शब्द बदलला तरी नवा शब्द त्याच उघड्या तारेवरून जाणार होता. त्यांनी अवघ्या काही महिन्यांत एक नवी पद्धत लिहून काढली, तिला 'सिक्युअर शेल', संक्षेपाने 'एसएसएच', असे नाव दिले आणि जुलै १९९५ मध्ये ती सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिली. त्या वर्षाच्या अखेरीस सुमारे पन्नास देशांतील वीस हजार लोक ती वापरीत होते.

येथे एक छोटीशी हकीकत सांगण्यासारखी आहे. संगणकावरील प्रत्येक सेवेला एक क्रमांक दिलेला असतो. मोठ्या इमारतीतील खोल्यांना असतात तसाच. टेलनेटचा क्रमांक २३ होता आणि फाइली पाठविण्याच्या एफटीपी या सेवेचा २१. मधला २२ मोकळा होता. नव्या पद्धतीने या दोन्ही जुन्या सेवांची जागा घ्यावी, अशी यूलोनेन यांची इच्छा असल्याने त्यांनी क्रमांक वाटणाऱ्या संस्थेला १० जुलै १९९५ रोजी पत्र लिहून २२ हा क्रमांक मागितला. तो लगोलग मिळाला. शिफारस नाही, त्रिवार प्रस्ताव नाही, कसलीही त्रुटी काढलेली नाही. शासकीय पत्रव्यवहाराशी परिचित असणाऱ्यांना याचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही.

पुढे मूळ आज्ञावलीवरील परवान्याच्या अटी अधिकाधिक जाचक होत गेल्या. तेव्हा ओपनबीएसडी या मुक्त प्रकल्पातील मंडळींनी आधीच्या खुल्या आवृत्तीवरून 'ओपनएसएसएच' तयार केली. ती डिसेंबर १९९९ मध्ये लोकांच्या हाती आली. आज लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक सर्व सर्व्हरवर दूरस्थ प्रवेशाचे काम हीच आज्ञावली करते.

नमुना स्वाक्षरीचे तत्त्व

या पद्धतीचे मर्म सांकेतिक लेखनात आहे, असे सामान्यतः सांगितले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. दोन संगणकांमधील संभाषण गुप्त ठेवणे हा तिचा एक भाग. दूरच्या दारापाशी उभ्या असलेल्या माणसाने आपली ओळख कशी पटवावी आणि त्या माणसाने दाराची ओळख कशी पटवून घ्यावी, हा दुसरा भाग होय. व्यवहारात घोटाळे होतात ते बहुधा या दुसऱ्या भागात.

परवलीच्या शब्दात एक मूलभूत दोष आहे. ओळख पटविण्यासाठी तो समोरच्याला सांगावा लागतो आणि सांगितला की तो समोरच्याकडेही जातो. एसएसएचमध्ये तो बंद लिफाफ्यातून जातो, हे खरे. परंतु लिफाफा ज्याच्या हाती पडला तोच तोतया असेल, तर लिफाफ्याचा उपयोग काय? यावर तोडगा १९७६ साली डिफी आणि हेलमन या दोन अमेरिकन संशोधकांनी मांडलेल्या कल्पनेतून निघाला. किल्ली एक नसावी, परस्परांशी गणिताने बांधलेल्या दोन किल्ल्या असाव्यात. एक खासगी, ती मालकापाशीच राहील. दुसरी सार्वजनिक, ती कोणालाही द्यावी. खासगी किल्लीने केलेली सही सार्वजनिक किल्लीने तपासता येते, मात्र सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली शोधून काढणे व्यवहारतः अशक्य असते.

'किल्ली' हा शब्द येथे थोडा फसवा आहे. कोषागाराच्या व्यवहारातील नमुना स्वाक्षरी हे याचे अधिक जवळचे उदाहरण. आहरण व संवितरण अधिकाऱ्याची नमुना स्वाक्षरी कोषागारात ठेवलेली असते. देयक आले की त्यावरील सही त्या नमुन्याशी ताडून पाहिली जाते. नमुना कोषागारात राहतो, सही करणारा हात अधिकाऱ्यापाशी राहतो. एसएसएचमध्येही तसेच घडते. वापरणाऱ्याची सार्वजनिक किल्ली सर्व्हरवरील एका छोट्या फाइलीत, एका ओळीत, नमुन्यासारखी लिहून ठेवतात. प्रवेशाच्या वेळी त्या भेटीपुरता तयार झालेला एक मजकूर घेऊन वापरणाऱ्याचा संगणक त्यावर खासगी किल्लीने सही करतो आणि सर्व्हर ती नमुन्याशी ताडून पाहतो. खासगी किल्ली तारेवरून कधीच जात नाही. एका भेटीची सही दुसऱ्या भेटीला चालत नाही, म्हणून ती कोणी टिपून ठेवली तरी तिचा उपयोग नाही. कागदावरील सहीहून एक बाब मात्र निश्चितच सरस आहे. नमुना पाहून हुबेहूब सही करणारे कसबी लोक जगात असतात. येथे नमुना चोरीला गेला तरी काही बिघडत नाही.

हे झाले माणसाच्या ओळखीचे. दाराची ओळख पटविण्यासाठी सर्व्हरचीही अशीच स्वतःची किल्ल्यांची जोडी असते. एखादी व्यक्ती त्या सर्व्हरकडे प्रथमच जाते, तेव्हा तिच्या पडद्यावर सर्व्हरच्या सार्वजनिक किल्लीचा ठसा, म्हणजे अक्षरे व अंक यांची एक लांब ओळ उमटते आणि हा सर्व्हर ओळखीचा मानावा काय, असा प्रश्न विचारला जातो. बहुतेक लोक ठसा न वाचताच होकार देतात. खरे पाहता सर्व्हर उभारणाऱ्याने तो ठसा सर्व्हरसमोर बसूनच टिपून घ्यावयाचा, सहीनिशी कार्यालयाच्या नस्तीत लावावयाचा आणि प्रत्येक नव्या वापरकर्त्याने पहिल्या भेटीच्या वेळी तो ताडून पाहावयाचा, अशी ही योजना आहे. एकदा होकार दिला की संगणक तो ठसा लक्षात ठेवतो. पुढे कधी ठसा बदललेला आढळला तर तो मोठ्या अक्षरांत इशारा देतो आणि वाट अडवून धरतो. सर्व्हर नव्याने उभारला असेल तर असा इशारा येणारच. परंतु तसे काही घडलेले नसताना तो आला, तर मध्येच कोणी तोतया दार थाटून बसला आहे काय, याची खात्री होईपर्यंत पाऊल पुढे टाकू नये. दूरध्वनीवर 'तो संदेश पुसून टाका आणि पुढे जा' असा सल्ला दिला जाताना वारंवार ऐकू येतो. या सल्ल्याने वेळ वाचतो एवढेच.

उभारणीचा क्रम

सेवा उभारण्याचे काम तसे अवघड नाही. जाणकार तंत्रज्ञाला त्यासाठी तास-दीड तास पुरतो. क्रम चुकला, तर मात्र तोच तंत्रज्ञ स्वतःला बाहेर कोंडून घेतो आणि मग माहिती केंद्रापर्यंत प्रवास करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

सर्वप्रथम ओपनएसएसएच सर्व्हरवर बसवून त्याच्या सर्व सुरक्षाविषयक सुधारणा घ्यावयाच्या. त्यानंतर ज्या-ज्या व्यक्तीला आत जाण्याचे काम आहे, त्या प्रत्येकीचे तिच्या नावाने स्वतंत्र खाते उघडावयाचे. 'ॲडमिन' किंवा 'ऑफिस' असे एकच खाते काढून त्याचा परवलीचा शब्द पाच जणांत वाटण्याची प्रथा सोयीची खरी. पण उद्या एखादी नोंद पुसली गेली, तर ती कोणी पुसली हे सर्व्हरला सांगता येणार नाही. तो फक्त 'ॲडमिन आला होता' एवढेच सांगेल. 'रूट' या नावाचे सर्वाधिकारी खाते प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर असते. त्या खात्याने बाहेरून थेट प्रवेश करणे बंद ठेवावे. ज्याला तो अधिकार दिला आहे, त्याने आधी स्वतःच्या नावाने आत यावे आणि मग गरजेपुरता तो वापरावा. असे केले की नोंदवहीत नाव राहते.

किल्ल्यांची जोडी वापरणाऱ्याने स्वतःच्या संगणकावर तयार करावी. कार्यालयातील तंत्रज्ञाने सर्वांच्या जोड्या तयार करून त्या ईमेलने किंवा मोबाइलवरील संदेशाने वाटणे म्हणजे मूळ तत्त्वालाच हरताळ फासणे होय. खासगी किल्ली एकदा दुसऱ्याच्या हातून आली की ती खासगी उरत नाही. किल्ली कोणत्या जातीची घ्यावी याविषयी आता फारसा खल करावा लागत नाही. 'ईडी २५५१९' या नावाची जात ओपनएसएसएचने २०१४ पासून स्वीकारली आहे आणि २०२३ च्या आवृत्तीपासून काहीही न सांगता किल्ली मागितली तर तीच मिळते. किल्ली तयार होताना एक सुरक्षावाक्य विचारले जाते. ते रिकामे सोडू नये. लॅपटॉप प्रवासात चोरीस गेला तर मधल्या काळात खासगी किल्लीला तेवढेच एक कुलूप उरते.

सार्वजनिक किल्लीची ओळ सर्व्हरवरील फाइलीत लिहिल्यावर पुष्कळदा एक घोटाळा होतो आणि नवशिक्यांचा अर्धा दिवस त्यात जातो. ती फाइल किंवा ती ज्या कप्प्यात आहे तो कप्पा इतर कोणालाही लिहिण्यास खुला असेल, तर सेवा ती किल्ली मानीतच नाही. पडद्यावर केवळ 'परवानगी नाकारली' असे येते, कारण मात्र सांगितले जात नाही. ते सर्व्हरच्या नोंदवहीत लिहिलेले असते. ही सेवेची आडमुठेपणाची वागणूक नव्हे. ज्या दप्तरात कोणीही नमुना स्वाक्षरी चिकटवू शकतो, त्यावर विश्वास ठेवण्यास ती नकार देते, आणि हे योग्यच आहे.

किल्लीने प्रवेश होतो याची खात्री पटल्यावरच परवलीच्या शब्दाने होणारा प्रवेश बंद करावयाचा, आधी नाही. हा बदल नियमांच्या फाइलीत केल्यावर ती फाइल निर्दोष आहे काय, हे तपासण्याची सोय सेवेतच आहे. ती वापरून मग सेवा नव्याने चालू करावी आणि या सर्व वेळात पहिली चालू जोडणी तोडू नये. दुसऱ्या खिडकीतून नव्याने प्रवेश करून पाहावा. तो झाला तर काम पुरे झाले. नाही झाला, तर पहिल्या जोडणीतून चूक सुधारता येते. विहिरीत उतरणारा माणूस वरच्या दोराची गाठ आधी ओढून पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

परवलीचा शब्द इतक्या आग्रहाने बंद का करावयाचा, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. इंटरनेटवर उघडा असलेला कोणताही सर्व्हर सुरू झाला की थोड्याच वेळात जगाच्या कानाकोपऱ्यांतून त्याच्या २२ क्रमांकाच्या दारावर थापा पडू लागतात. हे काम माणसे करीत नाहीत. दिवसरात्र प्रचलित नावे आणि प्रचलित शब्द लावून पाहणाऱ्या आज्ञावल्या ते करतात. एखाद्या शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या सर्व्हरमध्ये कोणाला काय रस असणार, असे मानणे चुकीचे आहे. थापा मारणाऱ्याला दार कोणाचे आहे याच्याशी कर्तव्य नसते. आत शिरल्यावर त्या सर्व्हरचा उपयोग तिसऱ्याच कोणावर हल्ला करण्यासाठी होऊ शकतो. काही जण यावर उपाय म्हणून २२ ऐवजी दुसरा क्रमांक घेतात. त्याने नोंदवहीतील गर्दी कमी होते, दार मात्र यत्किंचितही भक्कम होत नाही. त्यापेक्षा ज्या ठिकाणांहून काम होणार आहे तेवढ्याच पत्त्यांना वाट मोकळी ठेवून बाकीच्यांना संरक्षक भिंतीपाशीच अडविणे अधिक हितावह आहे.

भक्कम कुलुपाच्या दोन कथा

गणित भक्कम असले तरी ते अमलात आणणारी माणसेच असतात. डेबियन या लिनक्सच्या लोकप्रिय वितरणात २००६ साली एका आज्ञावलीतील निरुपयोगी भासणाऱ्या ओळी काढून टाकण्यात आल्या. हेतू शुद्ध होता. पण यादृच्छिक संख्या तयार करण्याचे काम नेमके त्याच ओळी करीत होत्या. परिणाम असा झाला की एका आकाराच्या किल्ल्या अगणित प्रकारच्या न होता केवळ सुमारे ३२ हजार प्रकारच्याच होऊ लागल्या. एवढ्या किल्ल्या कोणीही अगोदर घडवून ठेवू शकतो. लुसियानो बेलो यांच्या लक्षात ही चूक आली आणि मे २००८ मध्ये ती जाहीर झाली. मधल्या काळात अशा यंत्रांवर तयार झालेल्या किल्ल्या एसएसएचसाठी जेथे जेथे नोंदवल्या होत्या, तेथून शोधून काढून टाकाव्या लागल्या. ज्यांच्याकडे किल्ल्यांची नोंद होती, त्यांचे काम लवकर आटोपले.

दुसरी घटना मार्च २०२४ मधील आहे. आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते वेगळ्याच कामासाठी मोजमापे घेत असताना त्यांना आढळले की एसएसएचने प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे. अर्ध्या सेकंदाकडे दुर्लक्ष करणे किती सोपे होते! त्यांनी ते केले नाही. माग काढीत गेल्यावर असे दिसले की फाइलींचा आकार लहान करणाऱ्या 'एक्सझेड' या साहाय्यक आज्ञावलीच्या नव्या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसविला आहे. काही लिनक्स वितरणांत ही आज्ञावली अप्रत्यक्षपणे एसएसएच सेवेला जोडलेली असते. चोरदरवाजा बसविणाऱ्याने टोपणनावाने दोन वर्षांहून अधिक काळ त्या प्रकल्पात निष्ठेने काम करून विश्वास संपादन केला होता. २९ मार्च २०२४ रोजी फ्रॉइंड यांनी ही गोष्ट जाहीर केली, तेव्हा त्या आवृत्त्या मुख्यतः चाचणीच्या टप्प्यावर होत्या, म्हणून मोठा अनर्थ टळला. ज्या कार्यालयात सुधारणा घेण्याचे काम कोणाकडे सोपविलेलेच नाही, तेथे अशी बातमी ऐकूनही काही घडत नाही. सर्व्हर चालू आहे ना, मग हात कशाला लावा, ही वृत्ती सर्व्हरच्या बाबतीत महागात पडते.

बदलीच्या दिवशी

आता मूळ मुद्द्याकडे. आहरण व संवितरण अधिकाऱ्याची बदली झाली की त्याच दिवशी कार्यभार हस्तांतरणाचे प्रमाणपत्र तयार होते, नव्या अधिकाऱ्याची नमुना स्वाक्षरी कोषागाराकडे जाते आणि जुनी सही निरुपयोगी ठरते. तिजोरीच्या किल्ल्या, धनादेश पुस्तिका, शिक्के यांची मोजदाद होते. पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवातून ही पद्धत घडली आहे आणि ती मोडण्याचे धाडस कोणी करीत नाही. परंतु त्याच कचेरीच्या सर्व्हरवर चार वर्षांपूर्वी बदलून गेलेल्या कर्मचाऱ्याची, कंत्राट संपलेल्या पुरवठादाराच्या अभियंत्याची आणि दोन महिन्यांसाठी आलेल्या प्रशिक्षणार्थीची सार्वजनिक किल्ली तशीच राहिलेली असू शकते. ती ओळ कोणाला टोचत नाही, जागा अडवीत नाही, आवाज करीत नाही. परवलीचा शब्द निदान कधीतरी बदलला जातो. किल्लीला मात्र आपोआप येणारी मुदत नसते. जी गोष्ट या पद्धतीचे बळ आहे, तीच कार्यालयीन शिस्त नसेल तर तिचा सर्वांत मोठा दोष ठरते.

याचा अर्थ गेलेला माणूस अप्रामाणिक असतो असा नव्हे. त्याचा जुना लॅपटॉप विकला जातो, दुरुस्तीला जातो, घरातील मुलांच्या हाती जातो आणि त्यासोबत ती खासगी किल्लीही जाते. पुढे काही घडले तर नोंदवहीत नाव मात्र त्याचेच येते. किल्ली वेळीच काढून घेणे हे कार्यालयाइतकेच त्या कर्मचाऱ्याच्याही संरक्षणाचे आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ आणि ६६ नुसार परवानगीवाचून संगणकात अप्रामाणिकपणे वा कपटाने प्रवेश करणे हा तीन वर्षांपर्यंत कारावासाच्या शिक्षेस पात्र असा गुन्हा आहे. निर्दोष माणसावर त्याचा संशय येऊ नये, एवढी काळजी घेणे कार्यालयाचे कर्तव्य ठरते.

म्हणून सर्व्हरच्या नस्तीत किल्ल्यांची एक साधी नोंदवही असावी. ही किल्ली कोणाची, कोणाच्या आदेशाने नोंदवली, कोणत्या कामासाठी, कोणत्या तारखेस आणि काढली केव्हा, एवढे रकाने पुरेसे आहेत. सार्वजनिक किल्लीच्या ओळीच्या शेवटी टिपणासाठी जागा असते. तेथे नाव आणि तारीख लिहिली, की यंत्रातील नोंद आणि कागदावरील नोंद ताडून पाहता येते. वर्षातून एकदा मालमत्तेची प्रत्यक्ष पडताळणी होते, तीत खुर्च्या-टेबलांबरोबर या ओळीही मोजण्यास हरकत नसावी. कोषागाराच्या भक्कम खोलीला दोन अधिकाऱ्यांच्या ताब्यातील दुहेरी कुलूप असते, त्याच न्यायाने सर्व्हरच्या सर्वाधिकाराची वाट निदान दोन नावांवर असावी. एकाच माणसाकडे ती असली आणि तो आजारी पडला किंवा अचानक सोडून गेला, तर कार्यालय स्वतःच्याच दाराबाहेर उभे राहते.

नोंदींच्या बाबतीत तर आता स्वेच्छेचा प्रश्नच उरलेला नाही. देशातील संगणक सुरक्षेची मध्यवर्ती संस्था 'सर्ट-इन' हिने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निदेशांनुसार शासकीय संस्थांसह सर्व संबंधितांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी मागील १८० दिवसांपर्यंत सुरक्षित ठेवावयाच्या आहेत. निदेशांत नमूद केलेल्या प्रकारची घटना निदर्शनास आल्यापासून सहा तासांत कळवावयाची आहे. अनधिकृत प्रवेश हा त्यांपैकीच एक प्रकार. सर्व यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवून ठेवावीत, असेही त्यात म्हटले आहे. ही घड्याळाची बाब क्षुल्लक वाटते. परंतु सर्व्हरचे घड्याळ वीस मिनिटे मागे असेल, तर रात्री कोण केव्हा आत आले याचा मेळ दुसऱ्या कोणत्याही नोंदीशी बसत नाही. नोंदी सर्व्हरवरच न ठेवता त्यांची प्रत दुसऱ्या यंत्राकडे जात राहावी. आत शिरलेला चोर पहिले काम करतो ते आपली पावले पुसण्याचे.

ज्या कार्यालयाकडे दोन-चार सर्व्हर आहेत, त्याला हाताने ओळी लिहिणे आणि खोडणे जमण्यासारखे आहे. संख्या वाढली की एखादी ओळ कोठेतरी राहून जाते. त्यासाठी ओपनएसएसएचमध्ये २०१० पासून प्रमाणपत्रांची सोय आहे. प्रत्येक सर्व्हरवर प्रत्येकाची किल्ली न लिहिता कार्यालयाची एकच सार्वजनिक प्रमाणक किल्ली लिहितात आणि तिच्या जोडीतील खासगी किल्लीने कर्मचाऱ्याच्या सार्वजनिक किल्लीवर मुदतीसह सही करून देतात. मुदत आठ तासांची असू शकते, आठ दिवसांची किंवा कंत्राटाच्या कालावधीइतकीही. ती संपली की कोणालाही काही खोडावे लागत नाही. मात्र ती खासगी प्रमाणक किल्ली सर्व्हरवर ठेवावयाची नसते. ती वेगळ्या, जाळ्याशी न जोडलेल्या संगणकावर, जबाबदार अधिकाऱ्याच्या ताब्यात राहिली पाहिजे.

कार्यमुक्तीच्या आदेशाची प्रत आस्थापना शाखेकडून लेखा शाखेकडे जाते, तशीच ती सर्व्हरची देखभाल करणाऱ्याकडेही त्याच दिवशी गेली पाहिजे. ओळ खोडण्याचे काम मिनिटाभराचे आहे. ते करताना एक बाब लक्षात ठेवावी लागते. किल्ली खोडली तरी आधीपासून चालू असलेली जोडणी तुटत नाही. ती उघडीच राहते. त्या खात्याच्या चालू जोडण्या पाहून त्या बंद कराव्या लागतात, त्याने लावून ठेवलेली स्वयंचलित कामे दुसऱ्याच्या नावे करावी लागतात आणि मगच ते खाते गोठवावे लागते. त्यानंतर नोंदवहीच्या शेवटच्या रकान्यात तारीख टाकावी.